जुन्या दगडी विद्यापीठ इमारतीचा नवा वापर आणि वाढीव बांधकाम: काय कुठे बसवावं, काय टाळावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठाच्या आवारात 1920 च्या सुमारास बांधलेली काळ्या दगडाची दुमजली इमारत आहे. तळमजल्यावर शहाबादी फरशी, पहिल्या मजल्याची जमीन लोखंडी गर्डरवरच्या विटांच्या जॅक आर्चची (दोन गर्डरांमधल्या बसक्या कमानींची), वर सागवानी कैच्या (छपराच्या त्रिकोणी चौकटी) आणि मंगलोरी कौलं. तिथे ग्रंथालय, 40 संगणकांची प्रयोगशाळा आणि 200 आसनांचं सभागृह हवं आहे. जागा पुरत नाही, म्हणून काही जण कौलं काढून स्लॅब टाका आणि वर मजला चढवा म्हणतात, तर काही जण मागे नवी इमारत जोडा म्हणतात. काय करावं?

वरच्या मजल्याचा विचार आजच सोडून द्या. मंगलोरी कौलांचं छप्पर कैच्या आणि रिपांसकट चौरस मीटरला 80-90 किलो भरतं. 125 मिमीचा स्लॅब आणि त्यावरचा वीटबंदी कोबा मिळून 500 किलोच्या पुढे जातात, म्हणजे पाच-सहा पट. आणि हे वजन बसतं इमारतीच्या माथ्यावर, भूकंपात ते सर्वांत जास्त हेलकावतं तिथे. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत जी घरं बसली, त्यांच्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या आणि डोक्यावर जाड मातीची माळवदं होती. तुमची इमारत चुन्यात बांधलेली आहे, घडीव आहे, ती कितीतरी बरी. पण दगडी भिंतीच्या माथ्यावर वजन वाढवू नये, हे तिलाही लागू आहे. पुणे-मुंबई आयएस 1893 या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या 2016 च्या नकाशात झोन 3 मध्ये येतात आणि कोयनेचा परिसर झोन 4 मध्ये, म्हणून हा मुद्दा कागदोपत्री नाही.

मग विभागणी कशी करायची? जुन्या इमारतीला माणसं द्या. वजन, पाणी आणि यंत्रं नव्या भागात न्या. पुस्तकांची मांडणी, संडास-मुतारी, लिफ्ट, जिने, पाण्याच्या टाक्या, एसीची यंत्रं आणि सभागृह नव्यात. वाचनकक्ष, कार्यालयं, चर्चेच्या खोल्या, छोटे वर्ग, प्रदर्शन जुन्यात. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत मुळात गव्हर्नरचं निवासस्थान होती. 1949 मध्ये विद्यापीठ स्थापन झाल्यावर तिचा वापर बदलला, तरी दालनं दालनंच राहिली. म्हणून असा बदल पचतो. वर्गाचं पुस्तकांचं गोदाम करायला घेतलं की मात्र आकडे आडवे येतात.

आयएस 875 भाग 2 या भारतीय मानकात वर्गाचा वापरभार (माणसं आणि सामानाचं वजन) चौरस मीटरला 3 किलोन्यूटन आहे, म्हणजे साधारण 300 किलो. वाचनकक्षाचा 3 ते 4. पुस्तकांच्या रॅकचा 2.2 मीटर उंचीपर्यंत 6, आणि त्यावरच्या प्रत्येक मीटरला आणखी 2. रुळांवर सरकणारे रॅक याच्याही पुढे जातात. जॅक आर्चच्या जमिनीचं स्वतःचंच वजन, म्हणजे 115 मिमी विटांची कमान, वरची चुन्याची भर आणि फरशी धरून, 5 किलोन्यूटनच्या आसपास असतं. वर्ग असताना गर्डरवर 8 येत होते, रॅक मांडले की 11. शंभर वर्षं गंजलेल्या गर्डरवर ही वाढ न मोजता टाकायची नसते. पहिल्या मजल्यावर सुट्या टेबलांचा वाचनकक्ष ठेवा आणि भिंतीलगत फार तर छातीएवढी कपाटं. ती गर्डरच्या दिशेला आडवी लावायची, म्हणजे एकाच गर्डरवर सगळं ओझं येत नाही.

आता तपासणी. हिच्यावरचा खर्च वाचवला की काम सुरू झाल्यावर तो दुपटीने निघतो. किमान एवढं करून घ्या: पाया उघडून पाहण्यासाठी चार-सहा खड्डे, दोन कोपऱ्यांवर आणि मधल्या आडव्या भिंतींशी, पायाचा तळ दिसेपर्यंत. दगडी भिंत आतून पोकळ आहे का, ते पाहायला 12-16 मिमीचं भोक पाडून त्यातून एंडोस्कोप. जुन्या भिंतींना बाहेर घडीव दगडाचा एक पदर, आत दुसरा आणि मध्ये चुना-खडीची भर असते. दोन पदरांना बांधणारे आरपार दगड, म्हणजे थ्रू स्टोन, किती आहेत ते पाहणं हा यातला कळीचा भाग. हातोडीने ठोकून येणारा आवाज जिथे बद्द येतो तिथे खडूने खूण करा आणि त्या खुणांचा नकाशा काढा. तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून तारीख लिहून ठेवा. काच एका पावसाळ्यात फुटली नाही, तर तो तडा बहुधा जुना आणि शांत आहे. गर्डरचा एक तुकडा कापून प्रयोगशाळेत द्या. त्या काळच्या लोखंडात गंधक-फॉस्फरसचं प्रमाण जास्त असू शकतं, आणि अशा लोखंडाला वेल्डिंग केलं तर सांध्याशेजारी ते तडकतं. अहवाल येईपर्यंत वेल्डिंग नाही, फक्त बोल्ट.

ओलीचं कारण बहुतेकदा भिंतीत नसतं, अंगणात असतं. इमारतीच्या जोत्याला जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर लहान जाळीदार भोकं दिसतात का पाहा. ती फरशीखालच्या पोकळीला हवा मिळावी म्हणून ठेवलेली असतात. वर्षानुवर्षं डांबराचे थर, मग सिमेंट, मग पेव्हर ब्लॉक असं करत अंगण वर येतं. भोकं बुजतात, पावसाचं पाणी जोत्याला टेकतं आणि खोलीतला गिलावा कमरेपर्यंत फुगतो. मग कंत्राटदार आतून सिमेंटचा गिलावा आणि वॉटरप्रूफिंगचा लेप सुचवतो. त्याने ओल थांबत नाही, ती आणखी फूट-दोन फूट वर चढते आणि तिथे लोणा लागतो. उपाय स्वस्त आहे: अंगण भोकांखाली किमान 150 मिमी उतरवा, इमारतीपासून बाहेर 1:50 चा उतार द्या, भोकं मोकळी करा, पन्हळींचं पाणी नळीने दूर न्या. आतला सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा करा. प्लास्टिक पेंट नको, चुन्याचीच सफेदी.

दरजांबद्दल, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांबद्दल, थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. काळा पाषाण फारसं पाणी पीत नाही. भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडते ती दगडांमधल्या चुन्याच्या दरजेतून, तिला दुसरी वाट नाही. ती दरज सिमेंटने लिंपली की वाट बंद. मग पाणी आत वळतं, गिलावा पाडतं आणि भिंतीत बसलेल्या तुळईच्या टोकाला कुजवतं. मुंबईत गोष्ट वेगळ्या वळणाने तितकीच वाईट होते. फोर्टमधल्या विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरला कुर्ल्याचा पिवळसर दगड आहे, शहरात इतरत्र पोरबंदरीही आहे. हे दगड मऊ, त्यामुळे सिमेंटची कडक दरज तशीच राहते आणि दगडाची कड झिजून ढासळते.

जुनी दरज छिन्नी-हातोडीने 25 ते 40 मिमी खोल खोदून काढायची. ग्राइंडर अजिबात नको. चाक एकदा घसरलं की घडीव दगडाच्या कडेवर कायमची रेघ पडते. सिमेंट इतकं घट्ट बसलं असेल की काढताना दगडाची कड निघते, तिथे ते राहू द्या. सगळी भिंत एकसारखी दिसावी हा हट्ट महागात पडतो. मसाला: भिजवून मुरवलेला चुना, सुरखी (विटांची पूड) आणि धुतलेली जाड वाळू, 1:1:1. सुरखी चांगल्या भाजलेल्या विटांची हवी. पाडलेल्या इमारतीच्या विटा दळल्या तर त्यातलं सिमेंट आणि क्षार मसाल्यात येतात. चुना निदान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरलेला असावा. कमी मुरलेल्या चुन्यातले कच्चे खडे नंतर दरजेत फुगतात आणि मसाल्याची टिकली उडते, हातभर अंतरावरून पाहिलं तर प्रत्येक खळगीच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. गूळ, हिरडा, बेलफळ यांचा काढा घालायचा असेल तर आधी नमुना करा. हे मिश्रण प्रत्येक चुन्याला सारखं मानवत नाही आणि गूळ जास्त झाला की मसाला घट्ट व्हायला वेळ घेतो आणि मुंग्या लागतात. दरज भरण्याआधी भिंत भिजवा, मसाला दोन थरांत दाबून भरा, आणि ओली गोणपाटं लावून 10 ते 14 दिवस ओल टिकवा. मे महिन्यात दुपारी भरलेली दरज दुसऱ्या दिवशी बोटाने खरवडली तर भुकटी निघते, ती पुन्हा काढावी लागते.

भिंत पोकळ निघाली तर ग्राउटिंग, म्हणजे भोकांतून पातळ मसाला आत भरणं. भोकं 12-16 मिमी, 500-600 मिमी अंतरावर, एका ओळीची भोकं दुसऱ्या ओळीच्या मधोमध. आधी पाणी सोडून आतली धूळ धुवायची, मग हायड्रॉलिक (पाण्यातही घट्ट होणाऱ्या) चुन्याचं पातळ मिश्रण खालून वर, दाब चौरस सेंटिमीटरला 1 किलोच्या आत, दिवसाला मीटरभर उंचीपेक्षा जास्त नाही. दाब वाढवला की पातळ मसाला बाहेरचा पदरच ढकलून देतो आणि भिंतीला पोट येतं. अंदाज असा: 600 मिमी जाड भिंतीच्या एका चौरस मीटरमध्ये 0.6 घनमीटर दगडकाम असतं, त्यात दहा टक्के पोकळी धरली तर 60 लिटर मिश्रण. एखादं भोक 200 लिटर पिऊनही भरत नसेल तर थांबा; कुठेतरी बंद केलेलं धुराडं किंवा जुनी मोरी आहे. थ्रू स्टोन कमी असतील तर दर चौरस मीटरला एक या हिशेबाने 75 मिमीचं आरपार भोक, त्यात स्टेनलेस स्टीलची सळई, दोन्ही तोंडांना भोक थोडं रुंद करून चुना-काँक्रीटने भरलेलं. समोरच्या दर्शनी भिंतीवर मूळ दगडाच्याच चकत्या लावून तोंडं झाका.

छपराकडे येऊ. कैची बहुतेक ठणठणीत असते, कुजतं ते तिचं भिंतीत बसलेलं टोक. भिंतीच्या माथ्यावरच्या कौलांच्या दोन ओळी काढून प्रत्येक टोक पेचकसाने टोचून पाहा. पात्याचं टोक 10 मिमीहून आत गेलं तर तो भाग गेला. दुरुस्तीत कैचीला टेकू द्यायचा तो सांध्याखाली, खालच्या तुळईला मध्येच कुठेही नाही. कुजलेला भाग तिरका कापून त्याच जातीचं वाळलेलं सागवान जोडायचं. जोडाची लांबी लाकडाच्या उंचीच्या तिप्पट-चौपट आणि 12-16 मिमीचे स्टेनलेस बोल्ट. नवं टोक दगडी पाटावर बसवायचं आणि तिन्ही बाजूंनी 20-25 मिमी हवा खेळती ठेवायची. गवंडी सवयीने तो गाळा मसाल्याने भरून टाकतो, त्यामुळे तिथे उभं राहून काम करून घ्यावं लागतं. कौलांखाली छताची आतली कौलं किंवा लाकडी तक्तपोशी आणि त्यावर उष्णतारोधक थर असेल तरच खाली एसी परवडतो.

संगणक प्रयोगशाळा जुन्यात चालेल का? हिशेब मांडा. 40 संगणक प्रत्येकी 150 वॅट धरले तर 6 किलोवॅट. 40 माणसं, माणशी साधारण 120 वॅट, म्हणजे जवळपास 5. नुसती ही उष्णता 11 किलोवॅट, म्हणजे तीन टनांपेक्षा थोडी जास्त, आणि छप्पर-खिडक्यांची वेगळीच. वर 5 मीटर उंच, फटींनी भरलेलं कौलारू छत. प्रयोगशाळा नव्यात गेली तर बरं. जुन्यातच हवी असेल तर तळमजल्यावर, वायरिंग भिंतीत खाच न पाडता फरशीलगतच्या लाकडी पट्टीमागून आणि बाहेरची यंत्रं दर्शनी भिंतीवर नाहीत. एसीच्या नळीतून दगडावर वर्षभर ठिबकणारं पाणी दोन पावसाळ्यांत शेवाळाचा हिरवा पट्टा काढतं.

सभागृहासाठी दोन वर्गांमधली भिंत काढायची सूचना हमखास येते. 200 आसनांना मंच धरून 200 चौरस मीटरच्या आसपास जागा लागते आणि ती आडवी भिंत काढल्याशिवाय मिळत नाही. पण तीच आडवी भिंत लांब दगडी भिंतींना बाहेर पडू देत नाही. तिच्याऐवजी पोलादी चौकट घालता येते, मात्र तिचा खर्च, तिचा पाया आणि तिचं दिसणं पाहता सभागृह नव्यात बांधणं स्वस्त पडतं. आवाजाचाही प्रश्न आहे. 18 बाय 9 बाय 6 मीटरची दगडी खोली म्हणजे 970 घनमीटर. आत सगळं कडक असेल आणि आवाजाचं शोषण 60 एकक (चौरस मीटरमध्ये) धरलं तर घुमण्याचा काळ 2.6 सेकंद निघतो. भाषण नीट समजायला तो 1 सेकंदाजवळ हवा, म्हणजे शोषण 155 एककांपर्यंत न्यावं लागतं.

नवी इमारत कुठे आणि कशी जोडायची? भिंतीला भिंत चिकटवू नका. मध्ये दोन-तीन मीटर रुंदीचा हलका काचेचा दुवा ठेवा, त्याचं छत जुन्या वळचणीखाली. जुन्या पाख्याचं पाणी त्यावर पडणार, म्हणून तिथे 300 मिमी रुंद पन्हळ आणि दोन वेगळ्या उतारनळ्या. एक तुंबली तरी दुसरी चालते. जुन्या उतरत्या छपराच्या कडेला नव्या स्लॅबची भिंत भिडवली तर तिथे कायमची गळती, त्यावर डांबर ओतून काही होत नाही. दुव्याला जुन्या बाजूने टेकवायचं नाही. त्याचे खांब नव्या बाजूला, जुन्या भिंतीशी मोकळा गाळा. दहा मीटर उंचीवर 60-75 मिमी पुरतो, नेमका आकडा भूकंपाच्या हिशेबातून. काम चालू असताना त्या गाळ्यात मसाला, विटांचे तुकडे पडतात आणि दोन्ही इमारती आतून जुळतात. हस्तांतरणाआधी टॉर्च घालून पूर्ण उंची तपासा.

जाण्याची वाट जुन्या खिडकीतून काढा. खिडकीची कमान आणि बाजूचे दगड तसेच ठेवून फक्त तळची भिंत खाली उतरवायची. रुंदी वाढवायला गेलात तर कमानीचा टेका जातो. दगडांना क्रमांक घालून उतरवा, पुढे पायऱ्यांना उपयोगी पडतात. दाराची मोकळी रुंदी निदान 900 मिमी.

पायाचं काम धोक्याचं. दगडी इमारतीचा पाया अनेकदा मुरमावर दीड-दोन मीटर खोल असतो. नवे खांब जुन्या भिंतीपासून दीड-दोन मीटर दूर ठेवा आणि जमीन खांबांच्या पुढे झुलती (कँटिलिव्हर) काढा. लिफ्टचा दीड मीटरचा खड्डाही जुन्या भिंतीलगत नको. जुन्या पायाशेजारी खोदावंच लागलं तर मीटरभर रुंदीच्या पट्ट्या, एक सोडून एक. खाली कातळ लागला की कंत्राटदार ब्रेकर आणतो. त्याचे धक्के दगडी भिंतीतून थेट कमानींपर्यंत पोचतात. जुन्या, नाजूक इमारतींसाठी डीआयएन 4150 या जर्मन मानकात पायाशी कंपनाची मर्यादा कमी वारंवारितेला सेकंदाला 3 मिमी आहे. ती निविदेत लिहा, मोजणीयंत्र लावा, आणि पहिल्या काही मीटरांत भोकं पाडून फुगणारी पावडर भरून कातळ फोडा. वेळ जास्त जातो, पण कमानीच्या माथ्याचा चावीदगड जागच्या जागी राहतो.

मजल्यांच्या पातळ्या जुळवा. जुना मजला 4.8 मीटरवर आणि नवा 3.6 वर असेल तर पहिल्याच मजल्यावर सात-आठ पायऱ्या येतात आणि व्हीलचेअर अडते. नव्याची उंचीही 4.8 ठेवा, वरच्या जागेत एसीच्या नळ्या जातात. फरक टळतच नसेल तर दोन बाजूंनी दारं असलेली लिफ्ट. 900 मिमीच्या जोत्याला 1:12 चा रॅम्प म्हणजे 10.8 मीटर लांबी, टप्पे वेगळे. तो दर्शनी बाजूला खटकतो, म्हणून नव्या दुव्यातूनच समपातळीचं मुख्य प्रवेशद्वार करा. सगळ्यांसाठी एकच दार.

आगीच्या परवान्यासाठी जुना लाकडी जिना मोजला जात नाही असं धरून चला. शैक्षणिक वापराला जिना किमान 1.5 मीटर, सभागृहाला 2 मीटर, आणि दारापर्यंतचं अंतर 30 मीटरच्या आत. लाकडी बांधणीत ते 22.5. हे सगळं नव्या भागातल्या दोन जिन्यांवर टाकलं की जुना जिना आहे तसा राहतो. इमारत हेरिटेज यादीत असेल तर आधी समितीची परवानगी. केंद्र-संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही आणि पुढच्या 200 मीटरला मंजुरी लागते, हे आराखडा काढण्याआधी मोजून घ्या.

निविदेत दगडकाम एकरकमी देऊ नका, मोजमापावर द्या आणि परिमाणात 15-20 टक्के वाढ धरा. दरजेचा, गिलाव्याचा आणि दगड साफ करण्याचा मीटरभर नमुना आधी करून घ्या. साफसफाई पाणी आणि नायलॉनच्या मऊ ब्रशने, वाळूचा मारा किंवा ॲसिड नाही. भिंतीतला पिंपळ उपटू नका. तो कापून मुळाला औषध घालायचं आणि मूळ मेल्यावर दगड सोडवून काढायचं, ओढला तर दोन-चार दगड सोबत येतात. छप्पर दिवाळीनंतर उघडा आणि एप्रिलअखेर बंद करा, म्हणजे वळवाच्या आधी कौलं बसतात. कौलं चौरस मीटरला 15-16 लागतात. नवी आणताना जुन्याचा एक नमुना हातात घेऊन जा, कारण खोबणीचं माप कारखान्यागणिक बदलतं आणि दोन मिमीच्या फरकानेही ओळ बसत नाही. जुनी चांगली निघालेली कौलं दर्शनी पाख्यावर एकत्र लावा, नवी मागच्या पाख्यावर, आणि दहा टक्के जादा माळ्यावर रचून ठेवा.